शेवटचा पीळ

पक्कडरावांच्या घरातला नळ उघडायला दोन माणसं लागतात. एक नळाशी झटापट करायला आणि दुसरं पक्कडरावांना हाक मारायला. मग पक्कडराव टॉवेल खांद्यावर टाकून येतात, एका हिसक्यात नळ सोडतात, आणि जाताना "एवढंसुद्धा जमत नाही" अशा नजरेने सगळ्यांकडे बघतात. तो नळ आदल्या रात्री त्यांनीच आवळलेला असतो, याची आठवण करून द्यायची हिंमत घरात फक्त बायकोला आहे, आणि तीही हल्ली तो श्वास वाचवते.

पक्कडराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलं आणि इतकं पक्कं बसलं, की पाकिटावरचं खरं नाव वाचलं की क्षणभर त्यांनाच वाटतं, हा कोण बुवा? ते पाणीपुरवठा खात्यात गळतीच्या तक्रारींच्या खिडकीमागे बसतात. अर्धं आयुष्य लोकांच्या गळत्या ऐकण्यात गेलेल्या माणसाचं जगाबद्दल काहीतरी मत बनतंच. पक्कडरावांचं असं बनलं, की या जगात जे जे गळतं ते ते कुणीतरी वेळेवर नीट आवळलं नाही म्हणून गळतं. हे मत त्यांनी घरी आणलं. नळ, बाटल्या, डब्यांची झाकणं, पंख्याचे स्क्रू, सगळं आधी घट्ट बसवायचं आणि बसल्यावर दातओठ खाऊन आणखी एक पीळ द्यायचा. हा शेवटचा पीळ म्हणजे त्यांचा धर्म होता. एकदा त्यांनी आईच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण असं लावलं, की बाटली उघडेपर्यंत आईचा खोकला कंटाळून निघून गेला. "बघ, गुण आला की नाही?" असं वर म्हणाले.

आता गाडीकडे वळू. गाडी जुनी आहे, हे पक्कडराव सोडून सगळ्यांना दिसत होतं. पण त्यांचं म्हणणंही समजून घ्यायला हवं. घरात बायकोचं चाले, ऑफिसात साहेबांचं, सोसायटीत सेक्रेटरीचं. पक्कडरावांचं म्हणणं ऐकून डावीकडे वळणारी अशी जगात एकच वस्तू होती, ती म्हणजे ही गाडी. कधीकधी जरा उशिरा वळे, पण वळे. त्या गाडीवर त्यांचा जीव होता, आणि हे सांगायला ते कुणाला लाजत नसत.

बायको शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे तिला वस्तू जशी आहे तशी दिसते. तिने साडूंमार्फत गाडीला एक गिऱ्हाईक शोधलं होतं.

"अहो, द्या ना आता," ती म्हणाली. "सारखी गॅरेजात. मी माहेरी इतकी जात नाही."

"मग गॅरेज बंद!" पक्कडराव म्हणाले. "यापुढे तिचं सगळं मी करणार. सुरुवात तेल बदलण्यापासून."

"तुम्ही?"

या एका शब्दात बायकोने इतकं काही घातलं होतं की पक्कडराव उठून उभे राहिले. "हो, मी! आणि मला जमलं नाही, गॅरेजवाल्याला एकदा जरी गाडीला हात लावू द्यावा लागला, तर खुशाल दे तुझ्या भावोजींच्या त्या गिऱ्हाईकाला. एक शब्द बोलणार नाही."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, आपण थोडं कमी उभं राहायला हवं होतं. पण शब्द गेला होता आणि बायकोने तो नीट झेलून ठेवला होता.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. गाडीची पुढची चाकं दोन लाकडी उतारांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, जुना शर्ट घातला आणि चटई टाकून गाडीखाली शिरले. वर गॅलरीत आईने खुर्ची टाकली. काम म्हणाल तर सोपं. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं. त्याच्या तळाच्या भोकात फिरवून बसवलेला एक नट. नट काढायचा, जुनं तेल खाली तसराळ्यात सोडायचं, नट लावायचा, वरून नवं तेल ओतायचं. एवढंच. 'एवढंच' म्हणून सुरू केलेल्या कामांनी आजवर किती भल्या माणसांना जमिनीवर लोळवलंय याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पक्कडराव तर आधीच जमिनीवर होते.

तेल निघालं. काळंभोर, दाट, अगदी बघण्यासारखं. नवा वॉशर घालून त्यांनी नट हाताने फिरवला, मग पान्याने. नट बसला. घट्ट बसला. इथे कुठलाही समंजस माणूस थांबला असता आणि ही गोष्टही इथेच थांबली असती. पण अजून शेवटचा पीळ राहिला होता. पाना आखूड वाटला म्हणून त्यांनी त्यावर खात्यातून आणलेली लोखंडी नळी चढवली, दोन्ही पाय चाकाला टेकवले आणि जोर लावला.

आधी नटाने विरोध केला. मग त्याने विरोध सोडला. पाना एकदम मऊ झाला आणि गोल फिरू लागला, आणखी फिरला, फिरतच राहिला. लोखंडाच्या नटाने चेंबरच्या मऊ धातूतले आटे खरवडून काढले होते. पक्कडरावांना हे त्याच क्षणी कळलं. कळलं, पण त्यांनी ते मान्य केलं नाही.

"झालं बरं का!" गाडीखालून बाहेर येत त्यांनी गॅलरीकडे बघून जाहीर केलं आणि नवं तेल ओतायला घेतलं.

"अरे," जरा वेळाने आईचा आवाज आला, "तू वरून ओततोयस ते खालून येतंय."

"थोडं येतंच, आई."

"थोडं नाही रे. जेवढं ओततोयस तेवढं येतंय. हिशोब बरोबर आहे."

पक्कडरावांनी वाकून बघितलं. नवं तेल, सोनेरी, महाग, पारदर्शक, निवांतपणे खाली येत होतं आणि पार्किंगच्या नव्या गुलाबी फरशांवर पसरत होतं.

या फरशांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सेक्रेटरी त्यांच्याबद्दल कधीच दोन शब्दांत थांबत नाही. त्या फरशा सेक्रेटरीने निवडल्या, आणल्या, घासून घेतल्या. स्वतःच्या लग्नाचे नसतील इतके फोटो त्याच्या मोबाइलमध्ये या फरशांचे आहेत. तेलाचा वास त्याच्या खिडकीपर्यंत पोचला असावा, कारण तो चप्पल न घालताच खाली आला.

"पक्कडराव, पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी आहे."

"ही दुरुस्ती नाही. देखभाल आहे."

"मग हे काय गळतंय?"

"तो देखभालीचा पुढचा टप्पा आहे," पक्कडराव तसराळं पुढे सरकवत म्हणाले.

सेक्रेटरीने सभेचा ठराव तोंडपाठ म्हणून दाखवला. जी गाडी तेल गाळेल ती आवारात राहणार नाही. सोमवारी सकाळी तो स्वतः येऊन बघणार, आणि एक थेंब जरी दिसला तरी गाडी फाटकाबाहेर. बाहेर रस्त्यावर गाडी उभी करायला मनाई होती, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणजे फाटकाबाहेर गेलेली गाडी थेट साडूंच्या गिऱ्हाईकाकडेच गेली असती. "आणि ते काळं तेलही इथे ठेवायचं नाही," एवढं बोलून तो आपल्या तेलकट पावलांचे ठसे गुलाबी फरशांवर उमटवत परत गेला. ते ठसेही नंतर पक्कडरावांच्या नावावर लागले.

तोवर मंडळी जमली होती. माणूस नोकरीत वर चढला तर कुणी बघायला येत नाही, पण गाडीखाली शिरला की सगळ्यांना वेळ असतो. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, साबण लावा, ओला साबण. मास्तरीणबाई म्हणाल्या, साबण कसला, नखांना लावायचा रंग लावा, माझा चष्मा त्यावरच टिकलाय. कुणी म्हणालं, नट उलटा फिरवून बघा. आईने वरून एक जुनं फडकं टाकलं आणि म्हणाली, "बांधून टाक नुसतं." इतक्यात कंपाउंडच्या भिंतीवरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचं डोकं वर आलं. त्याला असल्या गोष्टी कशा कळतात हे एक कोडंच आहे.

"साहेब, आटे गेले. चेंबर काढायला लागेल. टोचन करून नेऊ का?"

मंडळींनी वर बघितलं. वर गॅलरीत बायको येऊन उभी राहिली होती. 'टोचन' हा शब्द तिच्यापर्यंत गेला होता हे तिच्या भुवयांवरून दिसत होतं.

"काही गेलेलं नाही," पक्कडराव ताठ मानेने म्हणाले. शर्टावरून तेल ठिबकत असताना जितकी ताठ ठेवता येते तितकी ताठ. "सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही या आता."

"बरं," म्हणून डोकं खाली गेलं.

दुपारी त्यांनी खात्याचं शास्त्र वापरलं. नळाच्या आट्यांवर प्लंबर पांढरी टेप गुंडाळतात, ती त्यांनी नटाला गुंडाळली. एक रीळ संपलं, मग दुसरं. नट गुबगुबीत झाला. तो ठोकून बसवला तेव्हा तेल खरोखरच थांबलं आणि पक्कडरावांनी वर बघून विजयी मुद्रा केली. पण आईने टाळी वाजवायच्या आत नट टेपसकट बाहेर आला आणि तसराळ्यात बुडाला. टेप मात्र शेवटपर्यंत सुटली नाही, हे त्यांनी सगळ्यांच्या नजरेस आणून दिलं.

मग काळ्या तेलाचा डबा. तो फेकायचा कुठे हे विचारायला पक्कडराव डबा घेऊन आपल्याच कचेरीत गेले. रजेच्या दिवशी कचेरीच्या दर्शनी दाराने आत जाण्याचा अनुभव त्यांना नवा होता. रांग इतकी लांब असते हे त्यांना आतून कधी दिसलं नव्हतं.

घनकचऱ्याच्या खिडकीवरच्या बाईंनी डब्यात न बघताच विचारलं, "घन आहे का?"

"नाही, तेल आहे."

"मग आमच्याकडे येत नाही. मलनिस्सारण."

मलनिस्सारणवाल्याने डबा हुंगला. "हे गटारात सोडता येत नाही. म्हणजे आमच्याकडे येत नाही." हे वाक्य त्याने मान वर न करता, आवाज न चढवता, पेन न थांबवता म्हटलं. पक्कडराव मनातून खूश झाले. काम करायचं तर असं. ते स्वतः इतकी वर्षं हेच वाक्य म्हणत आले होते, पण ही सफाई त्यांना साधली नव्हती.

"मग द्रवपदार्थ कुणाकडे येतात?" त्यांनी आदराने विचारलं.

"द्रव म्हणजे पाणीपुरवठा. गळतीची खिडकी. गळलेलंच आहे ना?"

पक्कडराव डबा सांभाळत गळतीच्या खिडकीशी गेले. खिडकी बंद होती. काचेमागे पाटी लावलेली होती, संबंधित कर्मचारी रजेवर आहेत. पाटीवरचं अक्षर त्यांचं स्वतःचंच होतं. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, "कधी येतो हो हा माणूस?" पक्कडराव म्हणाले, "तो नियमित माणूस आहे. काहीतरी फार महत्त्वाचं असणार." आजोबांनी यावर एक शब्द वापरला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

डबा घेऊन ते घरी आले आणि तो त्यांनी न्हाणीघरात ठेवला. झाकण असं लावलं, की त्याची काळजी पुढच्या पिढीनेसुद्धा करू नये.

शनिवारी सेक्रेटरी खडू घेऊन आला आणि त्याने फरशीवरच्या डागाभोवती एक वर्तुळ काढलं, वाढतोय का ते कळावं म्हणून. पक्कडराव बाजूला उभे राहून ते वर्तुळ नीट गोल आलेलं नाही असं सुचवत होते. बायको भाजी घेऊन फाटकातून आत येत होती. सेक्रेटरी उठताना गुडघे झटकत म्हणाला, "या भंगारापायी किती त्रास!"

बायको थांबली. "काय म्हणालात?"

"नाही, वहिनी, म्हणजे गाडीबद्दल..."

"भंगार?" तिने पिशवी खाली ठेवली. "आमच्या गाडीला भंगार म्हणायचं असेल तर मी म्हणेन. तुम्ही कोण?"

सेक्रेटरी खडू खिशात घालून गेला. पक्कडराव कानापर्यंत हसले. ते काही बोलणार तोच बायको त्यांच्याकडे वळली. "आणि तुम्ही कशाला हसताय? सोमवारी भावोजी फोन करणार आहेत. ठरलं ते ठरलं." ती पिशवी उचलून वर गेली, आणि पक्कडराव पुन्हा गाडीखाली गेले. करण्यासारखं तिथे काही नव्हतं, पण तिथे कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या दुपारी ते हरायला आले होते. चटईवर उताणे पडून ते त्या भोकाकडे बघत होते आणि त्यांना वाईट वाटत होतं. गाडीचं वाटत होतंच, पण त्याहून त्या 'तुम्ही?'चं जास्त. गॅरेजवाल्याला बोलावलं की प्रश्न मिटत होता. गाडी दुरुस्त होऊन दुसऱ्याची झाली असती. "मरेन, पण नाही बोलावणार," ते मोठ्याने म्हणाले.

"कुणाला?" बाहेरून प्रश्न आला. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य गाडीजवळ उकिडवे बसले होते.

दंतवैद्य हा मोठा उत्साही माणूस. दवाखान्यात गर्दी कमी, त्यामुळे हात कायम शिवशिवलेले. ते जिन्यात भेटले तरी लोक तोंड मिटून हसतात. त्यांनी खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला, बॅटरी लावली आणि चटईवर पक्कडरावांच्या शेजारी आडवे होऊन भोकात आरसा घातला.

"आ करा," ते म्हणाले.

पक्कडरावांनी आ केला.

"तुम्ही नाही हो, सवयीने गेलं तोंडातून. हं... सगळे खलास आहेत. पण मूळ शाबूत आहे." त्यांचा आवाज एकदम बदलला. "पक्कडराव, हे तर माझं काम आहे! जबड्याच्या हाडात स्क्रू बसवतो तेव्हा आम्ही काय करतो? भोक साफ करतो, थोडं मोठं करतो, नवे आटे पाडतो. इथेही तेच. मोठे आटे पाडायचे आणि त्यात तारेची स्प्रिंग बसवायची. स्प्रिंगच्या आत पुन्हा जुन्याच मापाचे आटे तयार. हार्डवेअरच्या दुकानात सगळा संच मिळतो, मीच एकदा बघून ठेवलाय."

"कशासाठी?"

"असंच. चांगलं हत्यार दिसलं की बघतो मी." ते जरा ओशाळले.

"पण तुम्ही गॅरेजवाले नाही," पक्कडराव हळूच म्हणाले.

"छे, छे!"

"शपथेवर सांगाल?"

"लेखी देतो!"

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. दंतवैद्यांनी कपाळावर दिवा बांधला होता आणि हातमोजे घातले होते. मंडळींनी खुर्च्या आणल्या. आईने वरून विचारलं, "भूल दिली का?" दंतवैद्यांनी आटे पाडायच्या हत्याराला ग्रीस लावलं, म्हणजे कीस आत न पडता त्यालाच चिकटेल, आणि मग ते बाजूला होऊन म्हणाले, "फिरवा. तुमचा पेशंट आहे. अर्धा फेरा पुढे, जरासा मागे. घाई नाही. तोंडात पाणी आलं तर सांगा." पक्कडराव फिरवत होते. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पण हाताला नव्या आट्यांची कुरकुर लागत होती आणि ती कुरकुर त्यांना फार आवडली. स्प्रिंग बसली. चेंबरमधून थोडं तेल सोडून कीस धुऊन काढला. नवा नट हाताने फिरवला तर तो पहिल्या आट्यापासून शहाण्यासारखा आत गेला.

मग पान्याने. नट बसला. घट्ट बसला.

"बस्स," दंतवैद्य म्हणाले.

पक्कडरावांचा हात पान्यावरच होता.

"पक्कडराव, बस्स. एवढंच."

"एकच," पक्कडराव पुटपुटले. "अगदी छोटा."

"तुमच्या दाढेत मी स्क्रू बसवला आणि वर एक पीळ आणखी दिला, तर?"

पक्कडरावांनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं शरीर तो एक पीळ मागत होतं. दंडाची शीर उडत होती. जन्मभराची सवय हातात घेऊन माणूस असा चटईवर पडलेला असताना त्याला कुणी कमी लेखू नये. शेवटी त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि पाना बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखादी वस्तू नुसतीच घट्ट ठेवून उठले.

नवं तेल भरून झालं, आणि संध्याकाळी सेक्रेटरी आला. "वहिनी, तुमच्याकडचा एक पांढरा कार्डशीट द्या," तो म्हणाला. बायकोने शाळेच्या गठ्ठ्यातला एक काढून दिला. त्याने तो गाडीखाली नटाच्या बरोबर खाली अंथरला, चारही कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सकाळी यावर एक थेंब दिसला, तर गाडी बाहेर."

पक्कडरावांना झोप आली नाही. नट डोळ्यांसमोरून हलेना. पुरेसा आवळलाय का? दंतवैद्याला दातातलं कळतं, नटातलं त्याला काय कळतं? दात तरी कुठे टिकतात! उजाडायला लागलं तसे ते उठले, पाना पायजम्याच्या खिशात घातला आणि पावलांचा आवाज न करता जिना उतरले. कुणाला कळणार होतं? छोटासा पीळ, जाता जाता.

पार्किंगच्या खांबापाशी ते थबकले. गाडीजवळ कुणीतरी वाकलेलं होतं.

ती बायको होती. ती गुडघे टेकून हात लांब करून गाडीखालचा कार्डशीट ओढत होती. तो बाहेर आला तेव्हा पक्कडरावांना खांबाआडूनसुद्धा दिसलं. मधोमध नाही, जरा कडेला, रुपयाएवढा एक काळसर थेंब होता. बायकोने तो बघितला आणि एक उसासा टाकला. मग बगलेतली गुंडाळी काढली. कोरा कार्डशीट. तिने तो आत सरकवला, सरळ केला, चारही कोपऱ्यांवर तेच खडे ठेवले, डोकं तिरकं करून रेषा बघितली. डाग पडलेला कागद घडी घालून पोटाशी धरला आणि बोटं गाऊनला पुसत ती जिन्याकडे गेली. खांबाआड उभा असलेला आपला नवरा तिला दिसला नाही.

ती वर गेल्यावर पक्कडराव खांबाआडून बाहेर आले. मग गाडीखाली शिरले. नटावर बोट फिरवलं तर बोट कोरडं. पुन्हा फिरवलं, कोरडं. शेजारच्या पत्र्याच्या खाचेत मात्र शुक्रवारी सांडलेलं तेल साठून राहिलं होतं आणि तिथून एक थेंब लोंबत होता. तो त्यांनी पायजम्याने पुसून घेतला. नट गळत नव्हता. म्हणजे बायकोने खोटेपणा केला होता, आणि तोही विनाकारण! पण तिला ते माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की नवऱ्याचं काम फसलंय, नट गळतोय, ठरल्याप्रमाणे गाडी जायला हवी. आणि तरी ती खाली आली होती. पक्कडरावांचे डोळे पाणावले. गाडीखाली ते पुसायला हात वर नेता येत नाही, म्हणून त्यांनी ते वाहू दिले. खिशातला पाना टोचत होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही.

सकाळी सेक्रेटरी चष्मा आणि बॅटरी घेऊन आला. त्याने कार्डशीट बाहेर ओढला, उजेडात धरला, उलटा करून बघितला, हुंगलासुद्धा. मंडळींनी माना पुढे केल्या. कागद कोरा करकरीत होता.

"आश्चर्य आहे," तो म्हणाला.

"कसलं आश्चर्य?" बायको दोन्ही हात पाठीमागे धरून खणखणीत आवाजात म्हणाली. "स्वतःच्या हातांनी बसवलाय ह्यांनी. आता ते खडूचं वर्तुळ पुसून टाका. फरशी खराब दिसते."

वर फोन वाजत होता. तिने गॅलरीकडे बघून ओरडून सांगितलं, "आई, भावोजी असतील. सांगा, गाडी द्यायची नाही म्हणावं!" आईने ते फोनमध्ये सांगितलं, आणि वर स्वतःच्या पदरची दोन वाक्यंही घातली असावीत, कारण साडूंनी पुन्हा फोन केला नाही.

त्या दिवशी पक्कडरावांनी बायकोला गाडीने शाळेत सोडलं. गाडी फाटकातून डावीकडे वळली, जरा उशिरा, पण वळली. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिच्या बोटांच्या टोकांवर साबणाने न गेलेला काळेपणा होता.

"अहो," ती जरा वेळाने म्हणाली. "एक सांगू? रागावू नका. तो नट अजून गळतोय. थोडासाच. संध्याकाळी गुपचूप जरा घट्ट करून घ्या."

"नाही करणार," पक्कडराव म्हणाले.

"अहो, एकच पीळ. तुम्ही एरवी देता तसा."

"सेक्रेटरी येऊ दे, साडू येऊ दे, तू म्हण. आहे तेवढा पुरे आहे. एक पीळसुद्धा जास्त देणार नाही."

"पण मी डोळ्यांनी बघितलंय!"

"मीही बघितलं," पक्कडराव समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. "पहाटे. खांबाआडून."

बायकोचे कान लाल झाले. सिग्नलला गाडी थांबली. मग तिने काळी बोटं पदराखालून बाहेर काढली आणि मांडीवर उघडी ठेवली.

"मग हाक का नाही मारलीत?"

"कागद किती सरळ लावत होतीस," पक्कडराव म्हणाले, "ते बघत होतो."